सेप्सिसचे पहिले तीन तास : रक्ताचे नमुने कसे घ्यायचे आणि रिपोर्ट कसे वाचायचे

हा लेख कॅज्युअल्टीत नव्याने ड्युटी सुरू केलेल्या इंटर्न, मेडिकल ऑफिसर आणि नर्सिंग स्टाफसाठी आहे. प्रौढ पेशंटमध्ये सेप्सिसची, म्हणजे इन्फेक्शनला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव बिघडण्याची, शंका आली की रक्ताच्या कोणत्या तपासण्या, कोणत्या क्रमाने आणि कशा घ्यायच्या, आणि आलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, एवढाच त्याचा विषय. लहान मुलांचे निकष वेगळे आहेत. २०२४ साली त्यांच्यासाठी ‘फीनिक्स’ निकष आले. गरोदरपणात पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात आणि कळा सुरू असताना लॅक्टेटही चढतं. त्यामुळे इथले आकडे या दोघांना जसेच्या तसे लावू नका.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. मलेरियाच्या पट्टीवर रेघ उमटली की निदान होतं, तसं सेप्सिसचं होत नाही. ‘हा सेप्सिसच’ असं एकट्याने सांगणारी कोणतीही रक्ततपासणी नाही. लॅक्टेट, प्रोकॅल्सिटोनिन, सीआरपी हे सगळे मार्कर, म्हणजे आजाराची खूण देणारे रक्तातले पदार्थ, आपापल्या वेळेला चढतात आणि आपापल्या वेळेला उतरतात. त्रास सुरू होऊन तीन तास झालेल्या पेशंटचं प्रोकॅल्सिटोनिन ०.४ आणि तीन दिवस झालेल्या पेशंटचं ०.४ यांचा अर्थ पार वेगळा. म्हणून केसपेपरवर तीन वेळा लिहायची सवय पहिल्याच ड्युटीपासून लावा: त्रास कधी सुरू झाला, रक्त कधी काढलं, रिपोर्ट हातात कधी आला. हे तीन आकडे नसतील तर चौथा कितीही महाग असला तरी त्याचा अर्थ लावता येत नाही.

घाई कशासाठी? २०१७ साली जगभरात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण झाले आणि १ कोटी १० लाख मृत्यू सेप्सिसशी संबंधित होते, असा अंदाज आहे. सेप्टिक शॉकच्या पेशंटवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, बीपी उतरल्यानंतर योग्य अँटिबायोटिक मिळायला उशीर झालेल्या प्रत्येक तासागणिक जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेली दिसली. पुढच्या अभ्यासांत हा फरक इतका मोठा दिसला नाही, पण दिशा तीच राहिली.

रक्त काढण्याआधीची दोन मिनिटं

सुई हातात घेण्याआधी श्वास मोजा. पूर्ण मिनिटभर, छातीकडे बघून. चार्टवर सरसकट ‘२०’ लिहून मोकळं होणं ही कॅज्युअल्टीतली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण सेप्सिसमध्ये श्वास बीपीच्या बराच आधी बदलतो. मग पल्स, बीपी, सॅच्युरेशन, तापमान, शुद्ध आणि ग्लुकोमीटरवर साखर. तापमान ३६ च्या खाली असेल तर ‘ताप नाही’ म्हणून सोडून देऊ नका. म्हाताऱ्या माणसात थंड पडलेलं अंग हे तापापेक्षाही वाईट लक्षण असू शकतं.

श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि शुद्धीत बदल, हे तीन मुद्दे क्यूसोफा म्हणून ओळखले जातात. तिनांपैकी दोन असतील तर पेशंट धोक्यात आहे हे नक्की. उलट बाजूने मात्र तो कामाचा नाही: बरेच सेप्सिसचे पेशंट सुरुवातीला त्यात बसतच नाहीत. म्हणूनच ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन’च्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी चाळणी म्हणून एकट्या क्यूसोफावर विसंबू नका असं सांगितलं आहे. न्यूजसारखा (श्वास, पल्स, बीपी वगैरेंना गुण देणारा) स्कोअर तुमच्या हॉस्पिटलात वापरात असेल तर तो वापरा.

याच दोन मिनिटांत केशिकांची परीक्षाही होते. काचेची स्वच्छ स्लाइड उजव्या हाताच्या तर्जनीच्या पेराच्या मऊ बाजूवर दाबा. खालची कातडी पांढरी फटक पडेल इतका जोर लावा, १० सेकंद धरा आणि सोडा. रंग परत यायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर रक्ताभिसरण कमी पडतंय. नखावर ओझरतं दाबून ‘ठीक आहे’ म्हणणं म्हणजे ही परीक्षा नव्हे. ही बिनखर्चाची परीक्षा पुढे लॅक्टेटच्या शेजारी ठेवून वाचायची आहे.

एकाच टोचणीत सगळं : नळ्यांचा क्रम

ट्रे आधी लावून घ्या. ब्लड कल्चरच्या बाटल्या, निळी नळी, लाल किंवा पिवळी, जांभळी आणि राखाडी. भरायचा क्रमही हाच. कल्चर पहिलं, कारण नंतर निर्जंतुकपणा टिकत नाही. जांभळी नळी लाल-पिवळीच्या आधी भरली आणि तिच्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं द्रव्य) सुईवाटे पुढे गेलं, तर पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं उतरलेलं येतं. मग पोटॅशियम उतरवण्याच्या औषधांची धावपळ सुरू होते, ज्याची पेशंटला गरजच नसते.

कल्चरसाठी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घ्या, प्रौढांत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि. कल्चर निगेटिव्ह येण्याचं साधं आणि वारंवार दिसणारं कारण म्हणजे बाटलीत ३ मिलि रक्त घातलेलं असतं. बाटलीच्या कडेला मापाच्या खुणा असतात. भरण्याआधी पेनाने पातळी आखून ठेवा. अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन लावल्यावर ३० सेकंद आपोआप सुकू द्या, पोव्हिडोन आयोडिन असेल तर दीड-दोन मिनिटं. फुंकर घालू नका, आणि सुकल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपू नका. बाटलीचं झाकण उघडल्यावर वरचं रबरही अल्कोहोलने पुसायचं असतं. ते निर्जंतुक नसतं. कल्चर अँटिबायोटिकच्या आधी, हा नियम खराच. पण शीर सापडत नाही म्हणून पाऊण तास अँटिबायोटिक अडवून ठेवायचं नाही.

निळ्या नळीत सिट्रेट असतं आणि रक्ताशी त्याचं प्रमाण एकास नऊ. खुणेपर्यंत भरली नाही तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटा लांबतो. उरलेल्या नळ्या ८-१० वेळा हलकेच उलटसुलट करा, खळखळवू नका. बारीक कॅन्युलातून जोराने दट्ट्या ओढला किंवा सिरिंजमधून दाबून नळीत रक्त सोडलं की पेशी फुटतात, आणि लॅबमधून ‘हेमोलाइज्ड, पुन्हा पाठवा’ असा फोन येतो. रात्री तीन वाजता त्या फोनची किंमत एक तास असते.

आणि ज्या हाताला सलाईन सुरू आहे त्या हाताच्या वरच्या भागातून रक्त काढू नका. दुसरा हात घ्या.

लॅक्टेट : सगळ्यात आधी लागणारा आकडा

पेशींना रक्तपुरवठा कमी पडला, किंवा शरीरात अॅड्रेनालिनचा मारा वाढला की लॅक्टेट तयार होण्याचा वेग वाढतो. लिव्हर थकलं असेल तर ते काढून टाकण्याचा वेगही मंदावतो. म्हणजे लॅक्टेट जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. शरीर किती ताणाखाली आहे ते सांगतं. इन्फेक्शनची शंका आणि चढलेलं लॅक्टेट एकत्र आले तर हा पेशंट रांगेत सगळ्यात पुढे घ्या.

नमुना बिघडण्याची शक्यता याच तपासणीत सर्वाधिक, म्हणून इथे हात सावकाश चालवा. टूर्निकेट एक मिनिटाच्या आत सोडा. पेशंटला मूठ आवळायला सांगायची सवय आपल्याला हाडीमासी भिनलेली असते. इथे ती मोडावी लागते. “काकू, मूठ मोकळी सोडा, बोटं सैल ठेवा,” असं सांगा, कारण आवळलेल्या मुठीतले स्नायू स्वतःच लॅक्टेट सोडतात. एबीजी (रक्तातले वायू तपासणारं) मशीन असेल तर हेपरिनच्या सिरिंजमध्ये रक्त घ्या, हवेचा बुडबुडा लगेच बाहेर काढा, सिरिंज दोन्ही तळव्यांमध्ये फिरवा आणि १५ मिनिटांच्या आत मशीनवर लावा. साध्या सिरिंजमध्ये बाटलीतलं हेपरिन भरून वापरत असाल तर दट्ट्या पूर्ण दाबून जास्तीचं हेपरिन टाकून द्या. उरलेल्या थेंबांनी रक्त पातळ होतं आणि आकडे खाली येतात. लॅबला पाठवायचं असेल तर राखाडी नळी, आणि ती बर्फाच्या डब्यात. साध्या लाल नळीत पाठवलेलं रक्त टेबलावर पडून राहिलं तर तांबड्या पेशी साखर खात राहतात आणि लॅक्टेट बनवत राहतात. एक तासाने आलेला तो आकडा पेशंटचा नसतो, नळीचा असतो.

धमनीतलंच रक्त हवं का? पहिल्या चाळणीसाठी नाही. शिरेतलं लॅक्टेट किंचित जास्त येतं, पण शिरेतलं नॉर्मल असेल तर धमनीतलं चढलेलं असण्याची शक्यता फारच कमी. शिरेतला आकडा चढलेला आणि पेशंटशी न जुळणारा वाटला तर धमनीतून खात्री करा.

आता एकक. एबीजी मशीन मिलिमोल प्रति लिटरमध्ये सांगतं, कितीतरी लॅब एमजी पर्सेंटमध्ये. १ मिलिमोल म्हणजे साधारण ९ एमजी पर्सेंट. म्हणून २ म्हणजे १८ आणि ४ म्हणजे ३६. ‘लॅक्टेट १६’ असा फोन आला की घाबरण्याआधी एकक विचारा. ते १६ एमजी पर्सेंट असेल तर नॉर्मल आहे, आणि १६ मिलिमोल असेल तर पेशंट मरणाच्या दारात आहे. आकडा फोनवर घेताना एकक सोबत लिहायचंच.

२ मिलिमोलच्या खाली असेल तर दिलासा, पण सेप्सिस नाही असा दाखला नव्हे. २ ते ४ मध्ये असेल तर पेशंट मॉनिटरवर ठेवा. ४ किंवा जास्त असेल तर बीपी १२० असलं तरी तो शॉकमध्ये आहे असं समजून वागा. अशा पेशंटला, किंवा बीपी उतरलेल्याला, पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलि या हिशेबाने सलाईन सुचवलं जातं. ६० किलोच्या माणसाला १८०० मिलि. हृदय किंवा किडनी अधू असेल तर २५०-५०० मिलिचे टप्पे करा आणि प्रत्येक टप्प्यानंतर छाती ऐका. ‘आरएलमध्ये लॅक्टेट असतं, म्हणून आरएल देऊ नका’ हे वाक्य वॉर्डात हमखास कानावर पडेल. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईन. त्यातलं लॅक्टेट लिव्हर वापरून टाकतं आणि नेहमीच्या वेगाने दिल्यास आकड्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आरएल चालू असलेल्या हातातून रक्त काढल्यावर.

सेप्सिस नसतानाही लॅक्टेट चढवणाऱ्या गोष्टी: नुकतीच आलेली फिट, दम्यासाठी दिलेली सॅल्ब्युटामॉलची वाफ, अॅड्रेनालिनची ड्रिप, दारू, लिव्हरचा जुना आजार, किडनी बिघडलेल्या पेशंटमध्ये मेटफॉर्मिन, थायमिनची कमतरता, आतड्याचा रक्तपुरवठा तुटणं. यातल्या दोन गोष्टी खास लक्षात ठेवा. फिटनंतरचं लॅक्टेट एक-दोन तासांत आपोआप उतरतं, त्यामुळे पुन्हा तपासलं की उलगडा होतो. आणि पोट मऊ लागतंय पण पेशंट वेदनेने तळमळतोय, लॅक्टेट चढतंच चाललंय, असं असेल तर सर्जनना तेव्हाच बोलवा. ते आतडं असू शकतं.

पहिलं लॅक्टेट २ च्या वर असेल तर २ ते ४ तासांनी दुसरं घ्या. ते उतरतंय का हे पहिल्या आकड्याइतकंच मोलाचं आहे. नातेवाईक वैतागतात, “परत रक्त काढताय?” तेव्हा नीट सांगा: “काका, मघाचं रक्त सलाईन सुरू करण्याआधीचं होतं. आता उपचार लागू पडतोय का ते बघायला घेतोय.” लॅक्टेट चढतंच राहिलं तरी केवळ तो आकडा उतरवण्यासाठी सलाईनच्या बाटल्या लावत सुटू नका. २०१९ च्या ‘अँड्रोमेडा-शॉक’ चाचणीत एका गटाचे उपचार लॅक्टेटवर आणि दुसऱ्याचे स्लाइड दाबून मोजलेल्या केशिका-वेळेवर ठरवले गेले. २८ दिवसांत लॅक्टेट गटात ४३.४ टक्के आणि केशिका-वेळेच्या गटात ३४.९ टक्के पेशंट दगावले. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, पण बोटावर दाबलेली काच मशीनच्या तोडीस तोड ठरली. दोन्ही बघा.

प्रोकॅल्सिटोनिन : सुरू करण्यापेक्षा थांबवण्यासाठी

प्रोकॅल्सिटोनिन एरवी थायरॉइडच्या सी पेशींत बनतं. बॅक्टेरियाचं इन्फेक्शन पसरलं की ते शरीरातल्या अनेक अवयवांत तयार होऊन रक्तात येऊ लागतं. हे १९९३ मध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलं. व्हायरसच्या आजारात इंटरफेरॉन गॅमा त्याला दाबून ठेवतं, म्हणून ‘बॅक्टेरिया की व्हायरस’ या प्रश्नासाठी त्याचा एवढा बोलबाला झाला.

त्याचं घड्याळ असं: ३-४ तासांनी चढायला लागतं, १२ ते २४ तासांत शिखरावर जातं, आणि इन्फेक्शन आटोक्यात आलं की साधारण दर २४ तासांना निम्मं होतं. आकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिमध्ये. ०.२५ च्या खाली असेल तर बॅक्टेरियाचं मोठं इन्फेक्शन असण्याची शक्यता कमी, ०.५ च्या वर शंका घ्यायला जागा, २ च्या वर शक्यता बरीच, १० च्या वर बहुधा गंभीर. लॅक्टेटसारखी बर्फाची धावपळ या नमुन्याला लागत नाही. पट्टीवर वाचायचं किट असेल तर किटवर सांगितलेल्या मिनिटालाच वाचा. उशिरा वाचलेली पट्टी गडद होत जाते.

भरवसा किती? अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये काढलेल्या हिशेबात सेप्सिस ओळखण्याची त्याची संवेदनशीलता ७७ टक्के आणि विशिष्टता (सेप्सिस नसलेल्यांना बरोबर वगळण्याचं प्रमाण) ७९ टक्के निघाली. म्हणजे खऱ्याखुऱ्या सेप्सिसच्या १०० पेशंटमधले २३ त्याच्या हातून निसटतात. हे २३ जण अँटिबायोटिकविना घरी जाणं परवडणारं नाही. म्हणूनच २०२१ च्या सूचना म्हणतात की अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे ठरवायला प्रोकॅल्सिटोनिन वापरू नका. पेशंट तपासून ठरवा. शॉक असेल, किंवा सेप्सिसची शक्यता दाट असेल तर अँटिबायोटिक एका तासाच्या आत. शॉक नाही आणि शंका पुसट आहे, तर झटपट तपास करा आणि शंका टिकली तर तीन तासांच्या आत.

मग पहिल्या रात्री ही तपासणी कशाला? पुढच्या दिवसांसाठी पहिला टप्पा म्हणून. वॉर्डात गेल्यावर आकडा शिखरापासून ८० टक्के किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा ०.५ पर्यंत आला, आणि पेशंटही सुधारलेला असेल, तर अँटिबायोटिक थांबवण्याचा विचार करता येतो. पहिला आकडाच नसेल तर उतार कशावरून मोजणार? पैशांची ओढाताण असेल तर मात्र तोच पैसा आधी कल्चरवर खर्च करा. प्रोकॅल्सिटोनिन महाग आहे, आणि जंतू कोणता व त्याला औषध कोणतं हे कल्चरच सांगतं.

ते खोटं चढतं कधी: मोठा अपघात, भाजणं, मोठं ऑपरेशन, हृदय बंद पडून परत सुरू झालेला पेशंट, उष्माघात, जुना किडनीचा आजार. खोटं कमी कधी राहतं: अगदी सुरुवातीला, बंदिस्त गळूत, हृदयाच्या झडपेवरच्या हळू वाढणाऱ्या इन्फेक्शनमध्ये, टीबीत.

सीआरपी आणि सीबीसी

सीआरपी इंटरल्यूकिन-६ या निरोप्या प्रथिनाच्या हुकमावरून लिव्हरमध्ये बनतं. ६-८ तासांनी चढतं आणि दीड-दोन दिवसांनी शिखरावर जातं, म्हणजे आपण ज्या तीन तासांबद्दल बोलतोय त्यांत ते मागेच असतं. संधिवात, अपघात, ऑपरेशन, सगळ्यानेच ते वाढतं. लिव्हर पार निकामी झालं असेल किंवा टोसिलिझुमॅब (इंटरल्यूकिन-६ ला अडवणारं औषध) दिलेलं असेल तर वाढतच नाही. एककाचा घोळ इथेही आहे: ९६ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि ९.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे एकच. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘सीआरपी दसपटीने उतरलं’ म्हणून निश्चिंत होण्याआधी छापील एकक वाचा.

सीबीसीत नुसती एकूण संख्या बघून थांबू नका. १२,००० च्या वर वाईट, पण ४,००० च्या खाली त्याहून वाईट असू शकतं. संख्या नॉर्मल असून कच्च्या न्यूट्रोफिल म्हणजे बँड पेशी १० टक्क्यांहून जास्त असतील तर मज्जेतून घाईघाईने कुमक पाठवली जातेय. हे स्लाइडवर माणसाने बघावं लागतं, म्हणून फॉर्मवर ‘सेप्सिस? बँड पेशी बघाव्यात’ असं लिहा. प्लेटलेट कमी आल्या आणि पेशंटशी जुळत नसतील तर ईडीटीएमुळे गुठळ्या झाल्यात का तेही स्लाइडवरच कळतं.

काही नव्या सीबीसी मशीनवर एमडीडब्ल्यू नावाचा आकडा छापून येतो. मोनोसाइट पेशींचे आकार एकमेकींपेक्षा किती वेगळे झालेत याचं ते माप. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये कॅज्युअल्टीतल्या प्रौढांसाठी त्याला मंजुरी दिली. के२ ईडीटीए नळीत २० ही सीमा धरतात, आणि नमुना दोन तासांच्या आत लावावा लागतो. कोविडसारख्या व्हायरसमध्येही तो वाढतो. फायदा एवढाच की वेगळं रक्त लागत नाही आणि तुम्हाला सेप्सिसची शंका आली नसतानाही तो समोर येतो. प्रेसेप्सिन, इंटरल्यूकिन-६ वगैरे तपासण्या मोठ्या लॅबमध्ये मिळतात. पहिल्या तीन तासांतला तुमचा निर्णय त्यांच्यामुळे बदलत नाही.

अवयवांचा हिशेब

२०१६ च्या व्याख्येप्रमाणे सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे जिवावर बेतेल इतके अवयव बिघडणं, आणि हा बिघाड सोफा (अवयवांच्या बिघाडाला गुण देणारा) स्कोअर २ किंवा जास्तने वाढला की मोजला जातो. म्हणजे क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि प्लेटलेट ही साधी त्रयी प्रोकॅल्सिटोनिनपेक्षा निदानाच्या जास्त जवळ आहे. क्रिएटिनिन १.२ ते १.९ ला एक गुण, २ ते ३.४ ला दोन. बिलिरुबिनच्या १.२ ते १.९ ला एक, २ ते ५.९ ला दोन. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली एक, एक लाखाच्या खाली दोन. यात शुद्ध, बीपी आणि ऑक्सिजनचे गुण मिळवायचे. शब्द आहे ‘वाढला’: म्हणून पिशवीतले जुने रिपोर्ट मागा. ज्याचं क्रिएटिनिन वर्षभर २.२ आहे त्याला आजच्या २.२ चा गुण मिळत नाही.

एक नमुना मांडून बघू. समजा ५८ वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या बाई रात्री २.१० ला आल्या. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू, दोन दिवस लघवीला जळजळ, रात्री ११ पासून थंडी वाजून ताप. श्वास २६, पल्स ११८, बीपी १०४/६०, सॅच्युरेशन ९५, थोड्या गोंधळलेल्या, शुद्धीचा ग्लासगो स्कोअर १४, केशिका-वेळ ४ सेकंद. २.२० ला रक्त: लॅक्टेट ३१ एमजी पर्सेंट म्हणजे सुमारे ३.४ मिलिमोल, प्रोकॅल्सिटोनिन ०.४, सीआरपी १८ मिलिग्रॅम प्रति लिटर, पांढऱ्या पेशी ९,८००, बँड १४ टक्के, प्लेटलेट १.३ लाख, क्रिएटिनिन १.६, तीन महिन्यांपूर्वी ०.९.

वरवर बघणारा म्हणेल, काउंट नॉर्मल, प्रोकॅल आणि सीआरपी फारसं नाही, लॅक्टेट मेटफॉर्मिनमुळे. चारही निष्कर्ष घातक. थंडी वाजून जेमतेम सव्वातीन तास झालेत, त्यामुळे प्रोकॅल्सिटोनिन अजून पायथ्याशीच आहे, आणि सीआरपीची वेळच झालेली नाही. काउंट नॉर्मल आहे पण बँड पेशी नॉर्मल नाहीत. क्रिएटिनिन, प्लेटलेट आणि शुद्धीचा एकेक गुण धरला तर सोफा तीनने वाढला. मेटफॉर्मिनवर खापर फोडायला पेशंट सेप्सिसमधून बाहेर आल्यावर भरपूर वेळ आहे. या बाईंना कल्चर आणि लघवीचं कल्चर घेऊन तीनच्या आत अँटिबायोटिक लागलं पाहिजे, सलाईनचे टप्पे सुरू झाले पाहिजेत, ४.३० च्या सुमारास दुसरं लॅक्टेट, आणि त्याच रात्री सोनोग्राफी. मधुमेहात लघवीची वाट खड्याने अडलेली असेल तर आत साठलेला पू काढल्याशिवाय कोणतंच औषध पुरे पडत नाही. सकाळी आठला प्रोकॅल्सिटोनिन परत केलं तर १८ सुद्धा आलेलं असेल. तोवर थांबला असता तर सहा तास गेले असते.

पावसाळा आणि उन्हाळा

कोकण-मुंबईत पावसाळ्यात, आणि विदर्भात पावसाळा सरताना, ताप, प्लेटलेट कमी, किडनी बिघडलेली, असा पेशंट दिसला की लेप्टो, मलेरिया, डेंग्यू आणि स्क्रब टायफस हे चौघं दारात उभे असतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईने लेप्टोचा उद्रेक पाहिला आहे, आणि २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसचा. फॅल्सिपेरम मलेरियात प्रोकॅल्सिटोनिन बॅक्टेरियासारखंच भरघोस वाढू शकतं, म्हणून मलेरियाची पट्टी आणि स्लाइड पहिल्याच टोचणीत पाठवा. डेंग्यूच्या शॉकमध्ये पांढऱ्या पेशी कमी आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढलेलं असतं. तिथे सलाईनचा हिशेब वेगळा आहे, किलोमागे ३० मिलिचा नियम डोळे झाकून लावू नका. स्क्रब टायफससाठी काख, जांघ, कमरेचा पट्टा, छातीखालची घडी इथे सिगारेटने भाजल्यासारखा काळा खपला शोधा. सापडला तर सेफ्ट्रायॅक्सोन त्यावर काम करत नाही, डॉक्सिसायक्लिन लागतं.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात उष्माघाताचा पेशंट हुबेहूब सेप्सिससारखा दिसतो. शुद्ध हरपलेली, लॅक्टेट चढलेलं, प्रोकॅल्सिटोनिनही चढलेलं. तिथे आधी अंग थंड करा, गार पाणी आणि पंखा, आणि रक्त त्याच वेळी जाऊ द्या.

तालुक्याच्या ठिकाणी, एबीजी मशीन नसताना

प्रोकॅल्सिटोनिन नाही, लॅक्टेट नाही, म्हणून सेप्सिस ओळखता येत नाही असं अजिबात नाही. मोजलेला श्वास, स्लाइडवरची केशिका-वेळ, तासागणिक लघवी, ग्लुकोमीटर, सीबीसी, क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि मलेरियाची पट्टी एवढ्यावर निर्णय होतो. लघवी किलोमागे तासाला अर्धा मिलिच्या खाली गेली तर तीच तुमची धोक्याची घंटा. कॅथेटर घातल्यावर आधी साठलेली लघवी मोजून वेगळी काढा, नाहीतर पहिल्या तासाचा आकडा फसवतो.

मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं ठरलं तर कल्चर आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन पाठवा. अँब्युलन्सच्या वाटेत दोन तास जाणार असतील तर ते दोन तास पेशंटचे आहेत. कल्चरच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नका, नेहमीच्या तापमानात पेशंटसोबतच द्या. रेफरल चिठ्ठीवर ‘ताप, सेप्सिस, पुढील उपचारासाठी’ एवढ्याने तिकडच्या डॉक्टरांना काही कळत नाही. लिहा: त्रास सुरू किती वाजता, कल्चर किती वाजता आणि किती बाटल्या, अँटिबायोटिक कोणतं, किती डोस, किती वाजता, सलाईन एकूण किती मिलि, शेवटचा मोजलेला श्वास, शेवटचं बीपी, किती लघवी, आणि रक्ताचा प्रत्येक आकडा एकक आणि वेळेसकट. रिपोर्ट यायचे बाकी असतील तर लॅबचा फोन नंबरही त्याच चिठ्ठीवर, आणि तीच माहिती तिकडच्या ऑन-कॉल डॉक्टरांना गाडी सुटण्याआधी फोनवर.